सोन्याचा मुलामा असलेलं इलेक्ट्रॉनिक भंगार ऑनलाइन कसं घ्यावं, कसं विकावं: सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सोलापुरात नवी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी पिशवी घेऊन येतं. पिशवीत जुन्या रॅमच्या पट्ट्या, तुटके मदरबोर्ड, एखादा मोडका मोबाइल. काउंटरवर पिशवी ठेवून पहिला प्रश्न ठरलेला: "ह्यातनं सोनं निघतंय म्हणं, खरं का?"

खरं आहे. पण किती निघतं, कुणी काढायचं आणि त्याचे पैसे कसे होतात, हे न कळल्यामुळे माणसं दोन्हीकडून नागवली जातात. काही जण चांगला माल लोखंडाच्या भावात भंगारवाल्याला देऊन टाकतात. काही जण व्हिडिओ पाहून घरात ॲसिडची बाटली आणतात. मी या धंद्यात पडलो तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, पैसे घालवून शिकलो. तुमचे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी मुलाम्याचा हिशेब समजून घ्या

बोर्डावर पिवळं दिसतं ते बऱ्याचदा सोनंच असतं, पण तो मुलामा असतो. खाली तांबं, त्यावर निकेलचा थर आणि सर्वात वर सोनं. सोनं गंजत नाही, म्हणून रॅम स्लॉटमध्ये बसते तिथे आणि कनेक्टरच्या पिनांवर ते चढवतात. निकेल मध्ये असतं ते तांबं सोन्यात झिरपू नये म्हणून.

खरी गोम आहे ती थराच्या जाडीत. वारंवार काढ-घाल होणाऱ्या चांगल्या कनेक्टरवर हा थर साधारण ०.७६ मायक्रॉन असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा जवळपास शंभरावा हिस्सा. स्वस्त बोर्डावर नुसता सोन्याचा हात फिरवलेला असतो, ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. दिसायला दोन्ही सारखेच पिवळे.

आता हिशेब करू. सोन्याची घनता एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आहे. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर ०.७६ मायक्रॉन थर असेल तर सोनं भरतं सुमारे १.५ मिलिग्रॅम. डेस्कटॉपच्या डीडीआर-३ रॅमला २४० संपर्क-पट्ट्या असतात. दोन्ही बाजूंचं मिळून क्षेत्रफळ चार-साडेचार चौरस सेंटिमीटर धरा. थर जाड असेल तर एका रॅमच्या कडेवर सहा-साडेसहा मिलिग्रॅम सोनं. एका किलोत अशा पन्नासेक रॅम बसतात, म्हणजे किलोमागे ०.३ ग्रॅमच्या आसपास. हिशेब सोपा जावा म्हणून सोनं ग्रॅमला १०,००० रुपये धरलं तर तीन हजारांचं सोनं झालं. थर पातळ असेल तर त्याच एक किलोत २२ ते ४३ मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे ते चारशे रुपयांचं. एकच वजन, एकच रंग, पण किमतीत सात ते पंधरा पटींचा फरक!

आणि हे बोर्डावरचं सोनं झालं, हातात येणारं नव्हे. काढताना घट येते, काढायचा खर्च येतो, कारखानदाराचा नफा असतो. टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या उपकरणांतून केली होती. त्यासाठी जपानभरातून सुमारे ७८,९८५ टन उपकरणं गोळा झाली, त्यात ६२ लाखांच्या घरात मोबाइल होते. त्यातून सोनं निघालं ३२ किलो. पिशवीभर माल घेऊन येणाऱ्याला मी हा आकडा आधी सांगतो.

आपल्याकडे सराफ बाजारात झारेकरी असतात. दुकानाबाहेरची धूळ झाडून नेतात आणि धुऊन त्यातून कण काढतात. त्यांची कमाई चिकाटीची आणि निवडीची. या धंद्यातही तसंच आहे. नवख्या माणसाने सोनं काढायच्या भानगडीत पडू नये, माल नीट निवडावा आणि निवडलेल्या मालाचा योग्य भाव घ्यावा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

२. कायदा कुठे आडवा येतो

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात वस्तू तयार करणारे, त्या बाजारात आणणारे, जुन्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे आणि रिसायकलर (भंगारातून धातू काढणारे कारखाने) अशा चार गटांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्यांनी नोंदणी नसलेल्या कंपन्यांशी व्यवहार करायचा नाही, असंही नियम सांगतो.

तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ असा:

घरातला किंवा दुकानातला जुना माल नोंदणीकृत रिसायकलरला द्यायला काही अडचण नाही. पण इतरांकडून भंगार विकत घेऊन पुढे विकायचा धंदा करायचा असेल, तर आधी एका नोंदणीकृत रिसायकलरशी बोला आणि त्याचं संकलन केंद्र म्हणून काम करत असल्याचं त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या. सोलापुरात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे. कागद घेऊन तिथे एकदा जाऊन या आणि तुमच्या कामाला आणखी कुठली परवानगी लागेल ते विचारा. मी दोन चकरा मारल्या, पण नंतर रात्रीची झोप शांत लागली.

वर्षात कधीही १,००० किंवा त्याहून जास्त इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरात असलेल्या संस्थेला नियमांत 'मोठा ग्राहक' म्हणतात. अशा कॉलेजने, रुग्णालयाने, कारखान्याने माल थेट नोंदणीकृत कंपनीलाच द्यायचा असतो. ओळखीच्या क्लार्कने "मागच्या दाराने घेऊन जा" म्हटलं तरी नको म्हणा.

परदेशी वेबसाइटवरून असं भंगार मागवू नका. ई-कचऱ्याच्या आयातीला सरकारी परवानगी लागते आणि ती तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या खरेदीदारासाठी नसते. पार्सल कस्टममध्ये अडकलं की पैसेही गेले आणि नोटीसही आली.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- पॅन, आधार आणि धंद्याच्या नावाचं चालू खातं
- उद्यम नोंदणी (सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका)
- दुकान असेल तर गुमास्ता
- जीएसटी. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकताना सहसा सक्ती नाही, पण परराज्यात माल विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हैदराबाद रस्ता आपल्या दारातून जातो म्हणून तिकडे माल पाठवायचा मोह होतो, तेव्हा हे लक्षात ठेवा
- रिसायकलरचं पत्र आणि त्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
- खरेदीची वही. कुणाकडून, काय, किती वजन, किती पैसे, देणाऱ्याची सही आणि आधारची प्रत

सामान फार नाही. ३० किलोचा एक काटा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा एक छोटा काटा. मोठ्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असू द्या, वाद झाला तर तोच कामी येतो. भिंग, चुंबक, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, पांढरा खोडरबर, नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क. झाकणाचे दहा-बारा डबे आणि चिकटपट्टीवर लिहायला मार्कर.

४. माल ओळखा आणि वेगळा करा

कमाई इथेच होते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मी खाली सतरंजी अंथरतो, उजेड येईल अशा जागी बसतो आणि सगळा माल ओततो. मग डबे भरत जातो. व्यापारात जी नावं चालतात तीच डब्यांवर लिहा, म्हणजे बोलताना घोळ होत नाही.

*सिरॅमिक प्रोसेसर.* १९९० च्या दशकातले, जांभळट किंवा राखाडी दगडासारखे दिसणारे, खाली पिवळ्या पिनांचं जंगल. ४८६, जुने पेंटियम या वर्गात येतात. १९९५ सालच्या पेंटियम प्रोला सगळ्यात जास्त मागणी. हे नगावर विका, किलोवर नव्हे. पिना वाकू देऊ नका, कारण जुनी यंत्रं जमवणारे हौशी लोक अखंड प्रोसेसरला भंगारापेक्षा जास्त पैसे देतात.

*फायबर प्रोसेसर.* हिरवी किंवा तपकिरी पाटी, वर धातूची टोपी. पिनांचे आणि बिनपिनांचे वेगळे ठेवा. टोपी काढायच्या नादी लागू नका.

*रॅम.* पिवळ्या कडेची एका डब्यात, चंदेरी कडेची दुसऱ्या डब्यात. जुन्या काही रॅमची कड कथलाची असते. एका किलोत दहा-बारा चंदेरी पट्ट्या दिसल्या की घेणारा सगळ्याच मालाचा भाव पाडतो. वर ॲल्युमिनियमचं कवच असेल तर ते काढा, नाहीतर वजनात धरलं जातं आणि तुमच्या शब्दाची किंमत जाते.

*फिंगर.* रॅमची किंवा कार्डाची कापलेली सोनेरी कड. नवख्यांना वाटतं की कड कापून दिली की जास्त पैसे येतील. मी हे करून पाहिलंय. कात्रीने कापताना फायबरची बारीक पूड उडते, अंगाला खाज सुटते, आणि उरलेल्या पाटीतल्या चिपांत सोन्याच्या बारीक तारा असू शकतात, त्यांचं मोल हातातून जातं. रॅम अखंड विका.

*टेलिकॉम आणि कंट्रोल बोर्ड.* जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या पाट्या, कारखान्यांची कंट्रोल कार्डं. सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जकार्डाची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) जुनी कार्डं निघतात. त्यांचे लांब पट्टीचे कनेक्टर भिंगाखाली पाहा, बऱ्याचदा चांगला मुलामा असतो. लोक ती 'हिरवा बोर्ड' म्हणून कमी भावात देऊन टाकतात.

*मदरबोर्ड, हार्ड डिस्कच्या पाट्या, मोबाइल बोर्ड.* तीन वेगळे डबे. मदरबोर्डावरचे हीटसिंक, लोखंडी पट्ट्या आणि बटण सेल काढा.

*हलका माल.* टीव्ही, चार्जर, यूपीएस यांच्या तपकिरी पाट्या. यात सोनं नसल्यात जमा. चांगल्या मालात मिसळू नका.

आता ओळखायच्या खुणा. पिवळी पिन सोन्याच्या मुलाम्याची की नुसत्या पितळेची, हे बघायचं असेल तर एक पिन पक्कडीने तोडा आणि तुटलेली बाजू भिंगाखाली धरा. आतून-बाहेरून एकच पिवळा रंग दिसला तर सबंध पितळ. आत वेगळा रंग आणि कडेला पिवळी किनार दिसली तर मुलामा. बोर्डाच्या कडेवर खोडरबर जोर लावून वीस-पंचवीस वेळा घासा. पातळ हात फिरवलेला असेल तर खालचं पांढरट निकेल डोकावू लागतं, जाड थर टिकतो. काळपटलेली पिन चिंचेच्या कोळाने लखलखली, तर ते पितळ समजा. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण तेच करतो.

चुंबकाबद्दल एक गैरसमज आहे. "चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं" असं सगळे सांगतात. पण जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिना लोखंड-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या असतात आणि वर सोन्याचा मुलामा असतो. त्या चिकटतात, तरी चांगल्या असतात. चुंबक लोखंडी स्क्रू आणि पट्ट्या वेचायला वापरा, निकाल द्यायला नको.

सराफाकडच्या कॅरेट तपासायच्या एक्स-रे मशीनवरही विसंबू नका. ते मशीन वरच्या वरच बघतं. मुलाम्याच्या पिनेवर ते सोन्याचा असा आकडा दाखवतं की माणूस हुरळून जातो. असा आकडा दाखवून कुणी माल विकत असेल तर तिथून उठा.

एक धोक्याची सूचना. जुन्या रेडिओ-ट्रान्समीटरमधल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असू शकतं. त्याची पूड फुप्फुसात गेली की कायमचा आजार जडतो. असे भाग फोडू नका, घासू नका, आहेत तसे वेगळ्या डब्यात ठेवा. आणि ही सगळी निवड करताना लहान मुलं जवळ नकोत. जुन्या बोर्डांवरच्या डाकात (सोल्डरमध्ये) शिसं असतं. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

५. चालू भाग भंगारात घालू नका

डीडीआर-४ ची चालू रॅम वजनावर विकणं म्हणजे नुकसानच. प्रत्येक पट्टी आधी मशीनमध्ये लावून तपासा. चालू निघाली तर 'वापरलेला सुटा भाग' म्हणून नगावर विका, भंगार म्हणून नव्हे. माझ्या दुकानात यातूनच सगळ्यात चांगले पैसे सुटतात. हार्ड डिस्क असेल तर आतला डेटा पूर्ण पुसा. लोकांचे फोटो, बँकेचे कागद त्यात असतात, ती तुमची जबाबदारी आहे.

६. ऑनलाइन खरेदी

तीन वर्षांपूर्वी मी परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून पाच किलो 'गोल्ड पिन' घेतल्या, किलोला १,८०० रुपयांनी. फोटोत स्टीलच्या ताटात सोनेरी पिनांचा ढीग, बघूनच मन भरलं. पैसे आगाऊ दिले. आठवड्याने खोका आला. वरच्या दोन मुठी खरंच मुलाम्याच्या होत्या. खाली हात घातला तर बोटांना खरखर लागली. लोखंडी स्क्रू, काळ्या प्लास्टिकचे तुकडे आणि जाड पितळी पिना. पक्कडीने एकेक तोडत गेलो, आतून-बाहेरून नुसतं पिवळं. खोका आणि आतली ओली गोणी वजा केली तर माल भरला चार किलो चारशे ग्रॅम. फोन लावला, तोवर माझा नंबर ब्लॉक झाला होता. ते ९,००० रुपये त्या वेळी माझ्या महिन्याभराच्या दुकानभाड्याहून जास्त होते.

त्या दिवसापासून मी हे नियम पाळतो:

फोटो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पसरलेल्या मालाचा मागा. पिवळ्या बल्बखाली कथीलसुद्धा सोनेरी दिसतं. मग व्हिडिओ कॉल करा आणि ढीग खालपासून उलथायला सांगा. त्याच व्हिडिओत काट्यावर वजन आणि कागदावर आजची तारीख दिसली पाहिजे. टाळाटाळ झाली की विषय संपला.

पहिली खरेदी २०० ग्रॅमची करा. चांगली निघाली तर मोठी.

वजन निव्वळ की बारदानासकट, हे लिहून घ्या. 'पाच किलो' म्हणजे खोक्यासकट पाच किलो, ही पळवाट सर्रास वापरतात.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, चिकटपट्टी कापण्यापासून काट्यावर ठेवण्यापर्यंत.

"इतक्या किलोत इतके ग्रॅम सोनं नक्की" अशी हमी देणाऱ्याकडून घेऊ नका. वर केलेला हिशेब आठवा. लॉट बारीक करून, नमुना काढून, टंच काढल्याशिवाय (सोन्याचं प्रमाण तपासल्याशिवाय) ते कुणालाच सांगता येत नाही.

चोरीच्या मालाचं तर नावच नको. मोबाइल टॉवरवरची कार्डं चोरीला जाण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. कुणी नवीकोरी दिसणारी टॉवरची कार्डं रात्री फोन करून स्वस्तात देऊ लागला तर माल बघायलाही जाऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे खरेदीच्या वहीशिवाय कुणी मानत नाही.

सरकारी कार्यालयांचा जुना माल एमएसटीसी आणि जेम या पोर्टलांवर लिलावात निघतो. ई-कचऱ्याच्या लॉटला बोली लावायला सहसा नोंदणीचे कागद लागतात, शिवाय अनामत भरावी लागते आणि माल 'आहे तसा, आहे तिथे' उचलावा लागतो. पहिलं वर्षभर नुसतं बघा. कुठला लॉट कितीला गेला याची नोंद ठेवली तर बाजाराचा अंदाज फुकटात येतो.

७. विक्री आणि भाव

केंद्रीय मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी सगळ्यांना बघता येते. त्यातले महाराष्ट्रातले पाच-सहा निवडा. व्यापाराच्या साइटवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटलेला माणूस "मी रिसायकलर आहे" म्हणाला तर नाव या यादीत शोधा. प्रमाणपत्राचा फोटो पुरेसा धरू नका, तो कुणाचाही असू शकतो.

नोंदणीकृत रिसायकलर बिल आणि वजनाबाबत काटेकोर असतो, त्याला कारण आहे. सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम किती काढलं, त्यावर त्याला प्रमाणपत्रं मिळतात आणि ती तो कंपन्यांना विकतो. म्हणून त्याला माल कागदावर हवा असतो. ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, कारण कागद असला की तुमचाही व्यवहार पक्का होतो.

भाव विचारताना "रॅम काय भाव?" असं मोघम विचारू नका. प्रत्येक डब्याचे दोन फोटो, निव्वळ वजन आणि एक ओळ वर्णन पाठवा. उदाहरणार्थ: "डीडीआर-३ डेस्कटॉप रॅम, पिवळी कड, कवच काढलेलं, चंदेरी कड एकही नाही, निव्वळ ११.४ किलो." असा मेसेज गेला की समोरच्याला कळतं की माणूस जाणता आहे. तिघांकडून तरी भाव घ्या आणि एकाच दिवशी घ्या, कारण सोन्याचा भाव हलला की हेही भाव हलतात. भाव किती दिवस टिकेल तेही विचारा.

जाहिरातीत 'शुद्ध सोनं', '२४ कॅरेट' असले शब्द लिहू नका. 'सोन्याचा मुलामा असलेलं इलेक्ट्रॉनिक भंगार' एवढं पुरे. आणि मापात पाप नको. हीटसिंकसकट वजन दाखवून एखादा लॉट खपेल, पण या धंद्यात घेणारे मोजके आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

माल साठवून ठेवायलाही मर्यादा आहे. नियमांत ई-कचरा साठवायला १८० दिवसांची मुदत धरलेली आहे. भाव वाढेल म्हणून वर्ष-दोन वर्षं पोती रचून ठेवू नका.

८. पाठवणी

सगळे बटण सेल आणि लिथियम बॅटऱ्या काढल्यात का ते पुन्हा पाहा. एक फुगलेली बॅटरी सगळं पार्सल पेटवू शकते, आणि कुरिअरवाले असं पार्सल घेतही नाहीत.

प्रत्येक प्रतीचा माल वेगळ्या पिशवीत बांधा, पिशवीवर नाव आणि वजन लिहा, मग सगळ्या पिशव्या एका जाड खोक्यात घाला. पाच-दहा किलोपर्यंत कुरिअर परवडतं. त्यापुढे ट्रान्सपोर्टने पाठवा आणि बिल्टीवर खरं वर्णन लिहा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं, परराज्यात ५०,००० च्या वर. सोबत बिलाची प्रत आणि रिसायकलरच्या पत्राची प्रत ठेवा. मी खोका बंद करण्याआधी आतला, बंद केल्यावर बाहेरचा आणि काट्यावरचा असे तीन फोटो काढतो आणि लगेच समोरच्याला पाठवतो.

९. पैसे

पैसे बँकेतून घ्या आणि बँकेतूनच द्या. धंद्याच्या खर्चात एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही.

पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. "मी पैसे पाठवतोय, तुम्ही कोड स्कॅन करा" म्हणणारा तुमचे पैसे काढणार आहे. स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणारे, माल न बघता मागाल तो भाव द्यायला तयार असणारे, हे सगळे त्याच माळेचे मणी. फसलात तर लाजू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते.

१०. ॲसिडला हात लावू नका

हे हात जोडून सांगतो. तीव्र नायट्रिक ॲसिडात धातू टाकला की तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. घेताना नुसता खोकला येतो, माणूस घरी जाऊन जेवतो-झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. व्हिडिओत हे दाखवत नाहीत. उरलेलं पाणी गटारात जातं, गटारातून ओढ्यात. उत्तर प्रदेशात मुरादाबादला बोर्ड जाळून आणि ॲसिडात धुऊन रामगंगा नदीच्या काठाचं काय झालं, हे देशाने पाहिलंय. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात, तिथे असलं विष पाण्यात सोडायचं? शिवाय घरगुती पद्धतीने सोनं पुरतं निघतही नाही. घट इतकी येते की तोच माल अखंड विकला असता तर जास्त पैसे आले असते. परवानगीशिवाय असं करणं बेकायदा आहे, तो भाग वेगळाच.

११. लॉटचा हिशेब मिळवा

माल पोचला की रिसायकलर पुन्हा वजन आणि निवड करतो आणि अहवाल पाठवतो. अर्धा-एक टक्का फरक पडतो, त्यावर वाद घालू नका. पण "तुमच्या ११.४ किलोतली तीन किलो रॅम हलक्या प्रतीची निघाली" असं आलं तर फोटो मागा, आपले पाठवतानाचे फोटो शेजारी ठेवा आणि शांतपणे विचारा. तो म्हणेल तसंच असेल तर वहीत लिहा आणि पुढच्या वेळी निवड सुधारा. फोटो जुळत नसतील तर माल परत मागा, जाण्या-येण्याचा खर्च सोसावा लागला तरी. हा माल परत पाठवण्याचा मुद्दा पहिल्या व्यवहाराआधीच मेसेजवर ठरवून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. पैसे जमा झाले की पावती आणि बिलाची प्रत वहीत त्याच पानाला लावून ठेवा.